वजन जास्त म्हणून नोकरीवर गदा? थोडा इतिहास, थोडं वैद्यकशास्त्र

समजा, तुमच्या कंपनीत वार्षिक आरोग्य तपासणी झाली. तुम्ही काट्यावर उभे राहिलात, कुणीतरी उंची लिहून घेतली आणि आठवड्याभरात हातात पत्र पडलं: तुमचा बीएमआय जास्त आहे, तीन महिन्यांत वजन कमी करा, नाहीतर भत्ता बंद. असं पत्र घेऊन, किंवा असं पत्र येईल या धास्तीनं दवाखान्यात येणारे लोक मला अधूनमधून भेटतात. कुणी पुण्याकडे कारखान्यात असतं, कुणी सुरक्षारक्षक, कुणी वर्दीतलं. सगळ्यांना गोळी हवी असते. गोळीचं नंतर बोलू. आधी हे पाहू, की हा आकडा आला कुठून आणि त्यावरून माणसाला शिक्षा करायची पद्धत आपल्याकडे कशी रुजली. या गोष्टीतला महत्त्वाचा भाग मुंबईत घडलेला आहे.

महाराजाच्या विमानातल्या बायका

एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण १९५३ साली झालं आणि पुढची कितीतरी दशकं तिचं मुख्यालय मुंबईत होतं. कंपनीचं बोधचिन्ह म्हणजे तो वाकून स्वागत करणारा, मिशीवाला, चांगला गुटगुटीत महाराजा. त्याचा बीएमआय कुणी काढला नाही. विमानात काम करणाऱ्या बायकांचं मात्र सगळंच मोजलं जायचं.

आपण मराठीत या नोकरीला काय म्हणायचो आठवा: हवाई सुंदरी. नोकरीच्या नावातच अट आली. नियमही तसेच होते. हवाई सुंदरीनं वयाच्या ३५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली. पहिल्यांदा दिवस गेले तरी नोकरी गेली. ३५ नंतर मुदतवाढ द्यायची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात ट्रे धरणारे पुरुष ५८ पर्यंत नोकरी करत. या नियमांविरुद्ध नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, मर्जीनुसार मुदतवाढीचा अधिकारही रद्द केला. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली.

तुम्ही म्हणाल, यात वजनाचा काय संबंध? संबंध असा, की मालकाला कामगाराच्या शरीरावर किती हक्क आहे हा प्रश्न आपल्याकडे असा ठळकपणे कोर्टात आला तो या बायकांमुळे. लग्न आणि बाळंतपण हळूहळू नियमांतून बाहेर पडलं. वजन राहिलं.

२००६ च्या सुमारास इंडियन एअरलाइन्सनं ठरलेल्या तक्त्यापेक्षा जास्त वजनाच्या हवाई सुंदरींना उड्डाणावरून उतरवायला सुरुवात केली. उड्डाण बंद म्हणजे उड्डाणाचे भत्ते बंद, आणि या नोकरीत भत्ते ही मोठी रक्कम असते. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २००८ साली निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. तोवर ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली होती. जानेवारी २००९ मध्ये एअर इंडियानं वजनाच्या कारणावरून नऊ-दहा जणींना नोकरीवरूनच काढून टाकलं. यांतल्या अनेकींनी आयुष्याची ऐन वर्षं विमानात घालवलेली होती. म्हणजे पस्तिशीची अट दारातून बाहेर गेली आणि काट्यावर बसून खिडकीतून आत आली, असं माझं मत आहे. बाळंतपणं, पाळी जाण्याचा काळ, रात्रीची उड्डाणं, रोज बदलणारी झोप यांनी वजन वाढतं हे कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं.

पुढे २०१४ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, विमान कर्मचाऱ्यांसाठी बीएमआयची मोजपट्टी लावली. पुरुषांसाठी १८ ते २५ योग्य, ३० च्या पुढे लठ्ठ. स्त्रियांसाठी १८ ते २२ योग्य, २७ च्या पुढे लठ्ठ. २०१५ मध्ये या मोजपट्टीत न बसणाऱ्या सुमारे सव्वाशे जणांना उड्डाणावरून उतरवायचं एअर इंडियानं ठरवलं.

इथे जरा थांबा आणि कागद-पेन घ्या. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १५८ सेंटिमीटर उंचीच्या आणि ५६ किलो वजनाच्या बाईचा बीएमआय येतो २२.४. भारतीय डॉक्टरांनी २००९ साली ठरवलेल्या निकषांनुसार २३ च्या आत असलेलं वजन योग्य, त्यामुळे माझ्या दृष्टीनं ही बाई बरोबर आहे. डीजीसीएच्या तक्त्यात ती जास्त वजनाची. आता १७० सेंटिमीटर उंचीचा, ७० किलोचा पुरुष घ्या. त्याचा बीएमआय २४.२. मी त्याला पोटाकडे लक्ष द्या, साखर तपासा असं सांगेन, पण विमानाच्या तक्त्यात तो अगदी योग्य. डॉक्टरांचा निकष स्त्री-पुरुष दोघांनाही २३. मग बाईला २२ आणि पुरुषाला २५ हे कुठून आलं? मला तरी यामागे आरोग्याचं कारण सापडत नाही. हा आकडा डोळ्यांसाठी आहे, हृदयासाठी नाही.

आकडा काढणाऱ्याला लठ्ठपणाशी देणंघेणं नव्हतं

बीएमआयचं सूत्र कुणा डॉक्टरनं काढलेलं नाही. ॲडॉल्फ केटले हे बेल्जियममधले खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३० च्या दशकात ते 'सरासरी माणूस' कसा असतो याचा शोध घेत होते. हजारो लोकांची मापं पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की मोठ्या माणसांमध्ये वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. बस, एवढंच. कोण आजारी आणि कोण निरोगी हे त्यांना ठरवायचं नव्हतं.

वजनाला पैशाशी जोडलं ते आयुर्विमा कंपन्यांनी. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीनं १९४२-४३ मध्ये उंची-वजनाचे 'आदर्श' तक्ते काढले आणि १९५९ मध्ये ते सुधारले. तक्ते विमा घेतलेल्या लोकांच्या नोंदींवरून केलेले, म्हणजे मुख्यतः बऱ्या परिस्थितीतले गोरे अमेरिकन. पण तक्ते जगभर पसरले आणि आपल्याकडच्या दवाखान्यांच्या भिंतींवरही असे तक्ते लागले. उंचीतून शंभर वजा करा, तेवढे किलो हवेत, हे गणित तर अजून पारावर सांगितलं जातं. ते एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावावर आहे.

१९७२ साली अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी केटलेंचं सूत्र उकरून काढलं, त्याला बीएमआय हे नाव दिलं आणि ते पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त लोकांवर तपासलं. हे सगळे पुरुष होते. मोठ्या लोकसंख्येचा अभ्यास करताना हे सूत्र सोपं पडतं, म्हणून ते चाललं. गावातल्या दोन हजार लोकांची सरासरी काढायला ते आजही चांगलं आहे. एका माणसाचा निवाडा करायला अपुरं आहे.

हे किती अपुरं आहे ते पुण्यात सिद्ध झालं, याचा मला अभिमान वाटतो. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यंत्रावर शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय लोक दिसायला बारीक, पण आतून चरबीदार. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर याज्ञिकांच्या गटानं केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं: जन्मताना वजन कमी, पण चरबी तुलनेनं राखलेली.

याचा नोकरीशी संबंध सरळ आहे. वजनावरून शिक्षा करणारी कंपनी एखाद्या धट्ट्याकट्ट्या, शेतातल्या कामानं दणकट झालेल्या माणसाला पकडेल आणि बारीक हातापायांच्या, पोट सुटलेल्या, साखर तीनशे असलेल्या माणसाला सोडून देईल. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्याच तज्ज्ञ आयोगानं सांगितलं, की फक्त बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नका, कमरेचा घेर बघा आणि शरीराच्या कामावर परिणाम झालाय का ते बघा.

वजन कामानंच वाढवलं असेल तर?

लंडनमध्ये १९४९ ते १९५२ या काळात डॉ. जेरी मॉरिस यांनी बस कामगारांचा अभ्यास केला. सुमारे एकतीस हजार माणसं. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. १९५६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक भन्नाट गोष्ट केली. गणवेश शिवणाऱ्या खात्याकडे प्रत्येकाच्या पँटच्या कमरेचं माप होतं. त्या नोंदी त्यांनी मागवल्या. ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा जाड होती, अगदी तरुण वयातसुद्धा. म्हणजे काही फरक माणसं नोकरीला लागतानाच घेऊन आली असणार, हे मॉरिस यांनी लपवलं नाही. पण पुढच्या अभ्यासात दिसलं, की बारीक ड्रायव्हरची बारीक कंडक्टरशी आणि जाड ड्रायव्हरची जाड कंडक्टरशी तुलना केली तरी धोका ड्रायव्हरलाच जास्त. कंबर महत्त्वाची, पण दिवसभरात पाय किती हलले हे त्याहून वेगळं आणि तितकंच महत्त्वाचं.

आपल्याकडे बघा. धाराशिव, तुळजापूर, परंडा, कुठेही पहाटे मैदानावर जा, पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. मुली ८०० मीटर. भरतीच्या दिवशी ही मुलं काटक असतात. तीच मुलं पंधरा वर्षांनी बंदोबस्तावरून येतात तेव्हा पोट पुढे आलेलं, रक्तदाब वाढलेला. मधल्या काळात बारा बारा तास उभं राहणं, मिळेल तेव्हा वडापाव, झोपेचा पत्ता नाही. मुंबईत मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोही तिथल्याच एका शिपायानं मांडलेल्या आराखड्यावरून, आणि नंतर इतर ठाण्यांतही नेला गेला. वजन उतरवण्याचा हा मार्ग मला काट्यापेक्षा जास्त डॉक्टरी वाटतो.

उलट उदाहरण आसामचं. मे २०२३ मध्ये तिथल्या पोलीस महासंचालकांनी जाहीर केलं, की १५ ऑगस्टपर्यंत मुदत, नंतर बीएमआय मोजणार, ३० च्या पुढे असलेल्यांना आणखी तीन महिने आणि मग स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय. थायरॉइडसारखी खरी वैद्यकीय कारणं असणाऱ्यांना त्यांनी वगळलं, हे बरं केलं. पण वैद्यकीय कारणाची व्याख्या कोण करणार? सलग रात्रपाळी हे कारण आहे की नाही?

जपाननं २००८ मध्ये वेगळी वाट धरली. ४० ते ७४ वयाच्या लोकांची कंबर दरवर्षी मोजायची. पुरुषांना ८५ सेंटिमीटर, स्त्रियांना ९०. (आपल्याकडे बायकांचा आकडा लहान, तिकडे मोठा. यावरूनच कळतं हे आकडे किती पवित्र आहेत ते.) जाड निघालेल्या माणसाला दंड नाही. त्याला सल्ला आणि पाठपुरावा. उद्दिष्ट गाठलं नाही तर आर्थिक भार आरोग्य विमा चालवणाऱ्या संस्थांवर, आणि मोठ्या कंपन्यांचा विमा त्यांच्याच संस्था चालवतात.

आणि बक्षीस दिलं तर? बंगळुरूच्या झेरोधा कंपनीचे नितीन कामत यांनी एप्रिल २०२२ मध्ये बीएमआय २५ च्या आत असलेल्यांना अर्ध्या महिन्याचा पगार बोनस जाहीर केला. बीएमआय हे चांगलं माप नाही, पण सुरुवातीला सोपं आहे, असं ते स्वतःच म्हणाले होते. हेतू चांगला असेल. पण थायरॉइड असलेल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या किंवा वजन वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या कर्मचाऱ्याला शेजारच्या टेबलावर बोनस आलेला दिसतो आणि आपल्याला नाही, तेव्हा त्याला तो दंडच वाटणार.

दंड हा शब्द आपल्याला नवा नाही

मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला कशाचाही दंड व्हायचा. कापड खराब निघालं तर तेच विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापत. व्हिटली आयोगानं १९३१ मध्ये कामगारांच्या स्थितीचा अहवाल दिला. आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. त्यात ठरलं, की दंड फक्त आधी जाहीर केलेल्या कृतीबद्दल किंवा कसुरीबद्दल, कामगाराला बाजू मांडायची संधी देऊन, आणि रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नाही. दंडाची रक्कम मालकाच्या खिशात नाही, कामगारांच्याच भल्यासाठी. ही मर्यादा पुढे तीन टक्के झाली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे.

मी वकील नाही. पण 'कृती किंवा कसूर' हे शब्द वाचा. वजन ही कृती नाही, कसूरही नाही. ती शरीराची अवस्था आहे, जशी उंची, पाळी किंवा गरोदरपण. म्हणूनच बहुधा कंपन्या वजनाबद्दल 'दंड' हा शब्द वापरत नाहीत. भत्ता थांबवतात, पाळी बदलतात, बढती अडवतात.

शरीराच्या अवस्थेवर दंड लावला की माणसं काय करतात, हे आपल्या मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. ऊसतोडीला आपल्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीडमधून टोळ्या जातात. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीच्या दुखण्यानं खाडा नको, म्हणून बायकांनी गर्भपिशव्या काढून घेतल्याचं उघड झालं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची समिती बसली. बीडमध्ये पाहणी केलेल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पगार वाचवायला माणूस शरीराचा बळी देतो. वजनाच्या बाबतीत हे एवढं भीषण नसेल, पण दिशा तीच आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर

तपासणीच्या आधी चार दिवस उपाशी राहणं, लघवी वाढवणारी गोळी दुकानातून आणून घेणं, थायरॉइड नसताना थायरॉइडची गोळी खाणं, हे प्रकार मी पाहतो. लघवीच्या गोळीनं दोन किलो उतरतात ते पाणी असतं. सोबत पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना उपास केला तर साखर एकदम खाली येते, आणि ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळीवर उपाशी राहिलात तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचतं. आता आठवड्याची इंजेक्शनंही आली आहेत. ती योग्य रुग्णाला खरंच उपयोगी आहेत, पण साहेबांच्या पत्राची तारीख गाठण्यासाठी ती नाहीत. बंद केली की वजन बऱ्याचदा परत येतं.

मालकानं आरोग्याचा विचार करूच नये असं मी म्हणत नाही. रात्रीची गाडी चालवणारा माणूस घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर त्याची झोपेची तपासणी व्हायलाच हवी, तो साठ किलोचा असो की शंभर. विमानात संकटाच्या वेळी दार उघडून प्रवाशांना बाहेर काढता येतं का, हे जरूर तपासावं. पण मग तेच तपासा. दार उघडायला लावा, काट्यावर उभं कशाला करता?

कंपनीला चिठ्ठी हवी असेल तर मी त्यात हे लिहितो: कमरेचा घेर (पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या आत असावा), रक्तदाब, तीन महिन्यांची साखर, थायरॉइड, आणि तुम्ही ते काम करू शकता की नाही. इन्सुलिन, स्टेरॉइड, फिट्सच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्या यांनी वजन वाढतं, तेही लिहितो, तुमची परवानगी असेल तरच. वजन खरंच जास्त असेल तर आहे त्या वजनाच्या पाच ते सात टक्के, सहा महिन्यांत, एवढं ध्येय पुरेसं असतं. ८० किलोच्या माणसाला ते चार-साडेपाच किलो होतात, आणि तेवढ्यानंही साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. तेव्हा तपासणीला येताना कंपनीच्या पत्रासोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, आयुर्वेदिक आणि दुकानातून स्वतः आणलेलीसुद्धा, आणि तुमच्या पाळ्यांचं गेल्या महिन्याचं वेळापत्रकही.